वाय-फाय स्कॅनर वारंवार दिसेनासा होतो: रीसेट करण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या धरमपेठेत करसल्लागारांचं ऑफिस, तीन लॅपटॉप आणि एक शीटफेड (पानं आपोआप आत ओढणारा) डॉक्युमेंट स्कॅनर. यूएसबी केबल लावली की स्कॅनर बिनतक्रार चालतो. नवं फायबर कनेक्शन घेऊन राउटर बदलल्यापासून वाय-फायवर मात्र त्रास सुरू झाला. बाहेरच्या दोन लॅपटॉपना स्कॅनर दिसतो, आतल्या खोलीतल्या तिसऱ्याला कधीच दिसत नाही. लाइट जाऊन आली की कोणालाच दिसत नाही. शिवाय पन्नास-साठ पानांचा गठ्ठा लावला की मध्येच थांबतो. डीलरच्या सांगण्यावरून फॅक्टरी रीसेट केलं, काही दिवस बरं चाललं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता स्कॅनरच बदलावा का?

स्कॅनर बदलू नका, आणि आता रीसेटही करू नका. ही एक तक्रार वाटत असली तरी यात तीन वेगवेगळे बिघाड एकत्र आले आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. यूएसबीवर स्कॅनर नीट चालतो, म्हणजे रोलर, सेन्सर आणि ड्रायव्हर ठीक आहेत. भानगड नेटवर्कमध्ये आहे.

रीसेटनंतर काही दिवस बरं का चालतं, हे आधी समजून घ्या, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. रीसेट झाल्यावर तुम्ही स्कॅनर पुन्हा वाय-फायला जोडता आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर त्याला नव्याने शोधतं. त्या वेळी राउटरने स्कॅनरला जो आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळखक्रमांक) दिलेला असतो, तो बरीच सॉफ्टवेअर लिहून ठेवतात. पुढे लाइट जाते, राउटर नव्याने सुरू होतो, पत्ते पुन्हा वाटतो आणि स्कॅनरला वेगळा पत्ता मिळतो. सॉफ्टवेअर मात्र जुन्याच पत्त्यावर हाक मारत बसतं. स्कॅनर वाय-फायला जोडलेला असतो, त्याचा निळा दिवाही लागलेला असतो, तरी ‘स्कॅनर सापडत नाही’ असा संदेश येतो. रीसेटने हा पत्ता तेवढ्यापुरता जुळतो, मूळ कारण तसंच राहतं. वर स्कॅनरमध्ये भरलेली प्रोफाइल, ईमेलची सेटिंग, फोल्डरचे पत्ते सगळं पुसलं जातं ते वेगळंच.

म्हणून पहिलं काम, दुवा नेमका कुठे तुटलाय ते शोधणं. दुवे तीन आहेत: स्कॅनर ते राउटर, राउटर ते लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये नेटवर्क ते स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर.

पाच मिनिटांची तपासणी

स्कॅनर चालू करा आणि त्याचा आयपी पत्ता शोधा. स्क्रीन असलेल्या मॉडेलमध्ये तो नेटवर्क किंवा वाय-फाय स्टेटस या मेनूत दिसतो. स्क्रीन नसेल तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी पाहा. एअरटेलच्या राउटरचं पान बहुधा १९२.१६८.१.१ वर आणि जिओ फायबरचं १९२.१६८.२९.१ वर उघडतं. यादीत स्कॅनर नावाने ओळखू आला नाही तर स्कॅनरच्या बुडाशी किंवा मागे असलेल्या स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे जोडी-जोडीने लिहिलेली बारा अक्षरं, यादीतल्या ओळींशी ताडून पाहा.

यादीत स्कॅनर नसेलच, किंवा त्याच्या स्क्रीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर पहिलाच दुवा तुटलाय. १६९.२५४ याचा अर्थ उपकरणाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. अशा वेळी लॅपटॉपवर काहीही खटपट करून उपयोग नाही.

पत्ता नीट असेल तर लॅपटॉपच्या स्टार्ट मेनूत सीएमडी (cmd) टाइप करा आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत पिंग (ping), एक स्पेस आणि स्कॅनरचा पत्ता असं लिहून एंटर दाबा. स्कॅनर झोपलेला असेल तर आधी त्याचं बटण दाबून किंवा झाकण उघडून त्याला जागं करा, नाहीतर पहिल्या एक-दोन हाका वाया जातात. आता येणाऱ्या ओळी लक्ष देऊन वाचा.

‘रिप्लाय फ्रॉम’ आणि पुढे स्कॅनरचाच पत्ता दिसला तर नेटवर्क ठीक आहे, बिघाड सॉफ्टवेअर किंवा फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरून होणारी ये-जा अडवणाऱ्या संरक्षणात) शोधा. मात्र त्याच ओळीतला वेळही पाहा. दहा मिलिसेकंदांच्या आतबाहेर असेल तर उत्तम. कधी ४, कधी ३८०, कधी ९०० अशी उडी दिसत असेल तर सिग्नल कच्चा आहे, आणि तुमचा गठ्ठा मध्येच का थांबतो त्याचं उत्तर तिथे आहे.

‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं आणि त्या ओळीत पत्ता तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपचा असेल, तर लॅपटॉपने त्या पत्त्यावर कोण आहे असं सगळ्या नेटवर्कला विचारलं आणि कोणी उत्तर दिलं नाही. स्कॅनर बंद आहे, त्याचा पत्ता बदललाय किंवा राउटर दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही.

‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असेल तर आधी लॅपटॉप आणि स्कॅनर एकाच नेटवर्कवर आहेत का ते पाहा. त्याच खिडकीत आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१२ आणि स्कॅनरचा १९२.१६८.१.४० असेल, म्हणजे तिसरा आकडा वेगळा असेल, तर साध्या घरगुती मांडणीत दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत.

ही तपासणी तिन्ही लॅपटॉपवर करा आणि निकाल कागदावर लिहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

लाइट गेल्यावर स्कॅनर दिसत नाही

यावर एकच टिकाऊ उपाय आहे: स्कॅनरचा पत्ता कायमचा बांधून टाकणं. राउटरच्या पानावर लॅन (ऑफिसातलं नेटवर्क) किंवा डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) विभागात ॲड्रेस रिझर्वेशन नावाची सोय असते. कुठे तिला स्टॅटिक लीज किंवा आयपी-मॅक बाइंडिंगही म्हणतात. तिथे स्कॅनरचा मॅक ॲड्रेस आणि त्याला द्यायचा पत्ता भरा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१५०, आणि सेव्ह करा. मग स्कॅनर बंद-चालू करून त्याने तोच पत्ता घेतला का ते पाहा. त्यानंतर प्रत्येक लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून जुनी नोंद काढून स्कॅनर नव्याने जोडा. हे शेवटचं पाऊल बरेच जण विसरतात. पत्ता बांधला तरी सॉफ्टवेअरकडे आधीचाच पत्ता असतो, मग ‘इतकं करूनही फरक पडला नाही’ असं वाटतं.

काही फायबर कंपन्यांच्या राउटरमध्ये ही सोय ग्राहकाला बंद असते. मग स्कॅनरमध्येच पत्ता हाताने भरावा लागतो. त्याआधी राउटरची डीएचसीपी रेंज पाहा. ती २ ते २५४ अशी पूर्ण असेल तर २ ते १९९ करा आणि स्कॅनरला २०० च्या वरचा पत्ता द्या, म्हणजे तोच पत्ता राउटर चुकून एखाद्या मोबाइलला देणार नाही. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे म्हणून राउटरचा पत्ता. दोन्ही पद्धती एकदम वापरून दोन वेगळे पत्ते मात्र देऊ नका.

दुसरी गोष्ट चालू होण्याच्या क्रमाची. वीज आली की स्कॅनर अर्ध्या मिनिटात उभा राहतो. फायबरच्या राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर स्कॅनर नेटवर्क शोधून थकतो, आणि काही मॉडेल पुन्हा शोधतच नाहीत. उपाय सोपा आहे. राउटरला इन्व्हर्टरवर घ्या किंवा त्याच्यासाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस लावा. तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टचेही आहेत. राउटर बंदच पडला नाही तर पत्ताही बदलत नाही आणि क्रमाचाही प्रश्न येत नाही. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर वादळाने दिवसातून चार वेळा लाइट जाते, तेव्हा या छोट्या खर्चाने मोठा मनस्ताप वाचतो.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाहा. कूलर, राउटर आणि स्कॅनर एकाच एक्सटेन्शन बोर्डवर असतील तर कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं आणि हलक्या अडॅप्टरवरचा राउटर तेवढ्यात रीस्टार्ट होऊ शकतो. दिवे मिणमिणलेले कोणाच्या लक्षात येत नाहीत, पण स्कॅनरचा संपर्क तुटतो. राउटरचा प्लग वेगळ्या सॉकेटवर न्या.

तिसऱ्या लॅपटॉपला का दिसत नाही

आतल्या खोलीत सिग्नल पोहोचत नाही म्हणून जुना राउटर तिकडे लावलाय का, हे आधी पाहा. नवं फायबर घेतल्यावर हे हमखास होतं. कंपनीने दिलेला डबा स्वतःच राउटर असतो. त्यातून केबल काढून जुन्या राउटरच्या वॅन पोर्टला (इंटरनेटची केबल लावायच्या जागी) दिली की ऑफिसात दोन नेटवर्क तयार होतात, बाहेर १९२.१६८.१ चं आणि आत १९२.१६८.० चं. दोन्हीकडे इंटरनेट चालतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण स्कॅनर शोधण्यासाठी सॉफ्टवेअर जी हाक देतं ती फक्त स्वतःच्या नेटवर्कपुरती असते, राउटर ओलांडून ती पलीकडे जात नाही.

जुन्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पसरवण्याचा) असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर हाताने असं करा: जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, हा पत्ता दुसऱ्या कोणाकडे नाही याची खात्री करा, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टला लावा. आता पत्ते फक्त फायबरचा राउटर वाटेल आणि सगळे एकाच नेटवर्कवर येतील. स्वस्त एक्सटेंडर बसवला असेल तर त्याच्याही सेटिंगमध्ये तो वेगळे पत्ते वाटत नाही ना, हे पाहा.

दोन राउटर नसतील तर क्रमाने पुढचं तपासा. लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर आहे का? गेस्ट नेटवर्कचं कामच मुळी पाहुण्यांना ऑफिसच्या उपकरणांपासून दूर ठेवणं हे आहे. मुख्य नेटवर्कवरही एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाची, उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग चालू असू शकते. ती बंद करा.

मग विंडोज. राउटर बदलला की वाय-फायचं नाव बदलतं, आणि नवं नाव दिसलं की विंडोज ११ त्या नेटवर्कला पब्लिक समजतं. पब्लिक म्हणजे एखाद्या कॅफेतलं वाय-फाय, तिथे इतर उपकरणांपासून लपून राहायचं, असा त्याचा हिशोब असतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, जोडलेल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज असं जाऊन प्रायव्हेट निवडा. राउटर बदलल्यानंतर एकाच लॅपटॉपला स्कॅनर दिसत नसेल तर हे कारण फार वेळा निघतं.

व्हीपीएनचंही तसंच. क्लायंटच्या सर्व्हरशी जोडण्यासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा खासगी बोगदा, चालू असेल तर लॅपटॉपची सगळी वाहतूक त्या बोगद्यातून जाते आणि शेजारच्या टेबलावरचा स्कॅनर परका होतो. व्हीपीएन बंद करून पाहा. स्कॅनर लगेच दिसला तर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये स्थानिक नेटवर्कला परवानगी देण्याचा पर्याय शोधा. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर ती दोन मिनिटांसाठी थांबवून पाहा. फरक पडला तर कायमची बंद ठेवू नका, स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरला तिच्या परवानगीच्या यादीत घाला. स्कॅनर शोधण्यासाठी साधारणपणे यूडीपी ५३५३ आणि ३७०२ हे पोर्ट (संदेशांचे क्रमांकित दरवाजे) लागतात. काही कंपन्यांचे स्वतःचे वेगळे पोर्टही असतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणि स्कॅनर २.४ वर, म्हणून दिसत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. दोन्ही बँड (वाय-फाय लहरींचे पट्टे) एकाच राउटरचे आणि एकाच नेटवर्कचे असतील तर नुसत्या तेवढ्याने काही अडत नाही. मात्र काही राउटर शोधाची हाक एका बँडवरून दुसऱ्यावर नीट पोहोचवत नाहीत. पिंगला उत्तर येतं पण सॉफ्टवेअरला स्कॅनर सापडत नाही, अशी स्थिती असेल तर सॉफ्टवेअरमध्ये पत्ता हाताने भरण्याची सोय वापरा. पत्ता बांधलेला असल्यामुळे ते कायम टिकतं. राउटरमधलं आयजीएमपी स्नूपिंग (अशा सामूहिक हाका कोणाकडे पाठवायच्या ते ठरवणारी सेटिंग) चालू किंवा बंद करूनही पाहता येईल.

आणखी एक शक्यता, जी खरं म्हणजे बिघाड नाहीच. अनेक डॉक्युमेंट स्कॅनर एका वेळी एकाच कॉम्प्युटरशी बोलतात. बाहेरच्या लॅपटॉपवर स्कॅनिंगची खिडकी दिवसभर उघडी राहिली तर स्कॅनर त्याच्याच ताब्यात राहतो आणि इतरांना ‘व्यस्त’ किंवा ‘सापडत नाही’ दिसतं. काम झालं की खिडकी बंद करायची, टास्कबारमध्ये लपलेलं सॉफ्टवेअर असेल तर त्यातून स्कॅनर सोडायचा, एवढी शिस्त पुरते. केबलचंही ध्यानात ठेवा: बऱ्याच मॉडेलमध्ये यूएसबी किंवा लॅनची केबल लावलेली असली की वाय-फाय बाजूला पडतं. ‘केबल लावूनच ठेवतो, अडीनडीला बरी’ असं करू नका.

गठ्ठा मध्येच थांबतो

इथे थोडा हिशोब करू. ए४ पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एका बाजूचे सुमारे २६ एमबी. ग्रेमध्ये पावणेनऊ एमबीच्या आसपास, शुद्ध काळ्या-पांढऱ्यात एक एमबीच्या थोडं वर. ६०० डीपीआय केलं की सगळं चौपट. स्कॅनर आतल्या आत जेपेग करून पाठवत असेल तर हा आकडा कितीतरी कमी होतो. पण काही प्रोग्राममध्ये ट्वेन या, प्रोग्रामला स्कॅनरशी जोडणाऱ्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये कॉम्प्रेशन बंद असतं, आणि मिनिटाला ३० पानं, दोन्ही बाजू, रंगीत असं लावलं तर सेकंदाला २६ एमबीचा लोंढा तयार होतो. २.४ गिगाहर्ट्झचं गजबजलेलं वाय-फाय तो पेलू शकत नाही. स्कॅनरची छोटी मेमरी भरते, तो पान अर्ध्यावर धरून थांबतो, आणि जास्त वेळ थांबला की सॉफ्टवेअर संपर्क तुटल्याचं जाहीर करतं. विवरणपत्रांच्या जोडण्या, बिलं, बँकेची स्टेटमेंटं यांना ३०० डीपीआय ग्रे भरपूर झालं. ६०० डीपीआय रंगीत अशी सेटिंग कोणीतरी केलेली असेल तर ती आधी बदला.

मग सिग्नल. मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझरसारखं ॲप घ्या आणि फोन स्कॅनरच्या टेबलावर ठेवून डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, पाहा. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६५ पर्यंत चालतं, उणे ७५ च्या पुढे गेलं की गठ्ठे तुटणारच. हा आकडा राउटरशेजारी उभं राहून मोजू नका.

नागपुरात उन्हाळ्यात एक गोष्ट वेगळी तपासावी लागते, ती म्हणजे कूलर. पत्र्याची पेटी रेडिओ लहरी परतवते, आत भरलेलं पाणी आणि ओला वाळा त्या शोषतो. मार्चपर्यंत नीट चालणारा स्कॅनर एप्रिलात रडायला लागला, तर राउटर आणि स्कॅनरच्या मधल्या रेषेत खिडकीचा किंवा खोलीतला कूलर येतो का ते पाहा. राउटर दोन हात सरकवून, पाच-सहा फुटांवर उंच लावला तरी फरक दिसतो. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि लोखंडी कपाटं हीदेखील तशीच अडवतात. कूलरची हवा थेट स्कॅनरवर येऊ देऊ नका. दमट कागद एकमेकांना चिकटतात, दोन पानं एकदम ओढली जातात, स्कॅनर थांबतो, आणि ‘वाय-फाय तुटलं’ असा ग्रह होतो. थांबल्यावर स्क्रीनवर नेमका कोणता संदेश आहे ते वाचा. मल्टीफीडचा असेल तर नेटवर्कला दोष देऊ नका. असा गठ्ठा हाताने नीट फुलवून, कडा जुळवून पुन्हा लावा.

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा तिची केबल राउटर अथवा स्कॅनरला खेटून असेल तर ती दूर करा. यूएसबी ३ च्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून दाखवलेलं आहे. फूटभर अंतर ठेवलं तरी पुरतं.

सीताबर्डी, रामदासपेठ, धंतोली अशा दाट वस्तीच्या व्यापारी इमारतींत शेजारची वीस-पंचवीस वाय-फाय नेटवर्क सहज दिसतात. तिथे राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या सेटिंगमध्ये चॅनेल ऑटोवर सोडू नका. १, ६ आणि ११ यांपैकी ॲनालायझरमध्ये सर्वांत मोकळा दिसेल तो निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केल्याने वेग वाढतो असं वाटतं, पण गर्दीत उलट जास्त शेजाऱ्यांशी टक्कर होते. स्कॅनरला ५ गिगाहर्ट्झ चालत असेल तर तोच वापरा. फक्त चॅनेल ३६ ते ४८ पैकी ठेवा. ५२ ते १४४ या चॅनेलवर राउटरला रडारची चाहूल लागली तर जागा सोडावी लागते आणि नव्या जागी पुन्हा निदान एक मिनिट ऐकत थांबावं लागू शकतं. तेवढ्यात स्कॅनिंग तुटतं.

मुळात जोडलाच जात नसेल तर

तुमची ही अडचण नाही, पण नव्या राउटरबरोबर ती फार येते, म्हणून थोडक्यात. स्कॅनरच्या माहितीपत्रकात तो कोणता बँड घेतो ते पाहा. बरेच स्कॅनर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर स्मार्ट कनेक्ट किंवा बँड स्टिअरिंग बंद करून २.४ ला वेगळं नाव द्या. वाय-फायच्या पासवर्डची सुरक्षा-पद्धत डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ पीएसके, एईएस करा. निदान दोन्हींचा मिश्र पर्याय ठेवा आणि पीएमएफ (नियंत्रण-संदेशांच्या संरक्षणाची सेटिंग) ‘आवश्यक’ वर असेल तर ‘ऐच्छिक’ करा. तरीही जुना स्कॅनर जोडला जात नसेल तर २.४ बँडवर वाय-फाय ६, म्हणजे ८०२.११एएक्स मोड, बंद करून पाहा.

डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडण्याचं) बटण वापरायचं असेल तर राउटरचं बटण दाबल्यापासून दोन मिनिटांच्या आत स्कॅनरचं दाबावं लागतं. नेटवर्कचं नाव लपवलेलं असेल किंवा सुरक्षा निव्वळ डब्ल्यूपीए३ असेल तर ही पद्धत चालतच नाही. नेटवर्कच्या नावात देवनागरी अक्षरं, इमोजी किंवा वळणदार अवतरणचिन्ह नको. आयफोनच्या हॉटस्पॉटच्या नावात असं चिन्ह आपोआप आलेलं असतं आणि काही स्कॅनरना ते वाचता येत नाही. मॅक फिल्टर चालू असेल तर स्कॅनरचा मॅक ॲड्रेस त्या यादीत घाला.

मोबाइलवरून जोडणी करत असाल तर अँड्रॉइडवर ॲपला लोकेशनची आणि आयफोनवर लोकल नेटवर्कची परवानगी द्या. आयओएस १४ पासून ही परवानगी नाकारली असेल तर ॲपला काहीच दिसत नाही, आणि तो तसं सांगतही नाही. ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर मॅकओएसच्या सिकोइया आवृत्तीपासून हेच लागू झालंय. स्कॅनरच्या स्वतःच्या डायरेक्ट वाय-फायला जोडताना मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर ‘इथे इंटरनेट नाही’ असं ठरवून फोन तिकडे उडी मारतो.

स्कॅन थेट फोल्डरमध्ये किंवा ईमेलवर जात नाही

वाय-फाय ठीक आणि सॉफ्टवेअरमधून स्कॅनही होतं, पण स्कॅनरच्या स्क्रीनवरून थेट फोल्डरला पाठवलेलं पोहोचत नाही, ही वेगळी जात आहे. जुने स्कॅनर एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल-शेअरिंग पद्धतीची, पहिली आवृत्ती वापरतात. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून ती नव्याने केलेल्या इन्स्टॉलमध्ये येत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये प्रो आवृत्तीत एसएमबी साइनिंग (संदेश खरा असल्याची डिजिटल सही) सक्तीचं झालं आणि बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेशही बंद झाला, त्यामुळे त्या अपडेटनंतर अनेक ऑफिसांत ही तक्रार आली. पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सहज मिळेल, पण रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) याच वाटेने शिरलेलं आहे आणि तुमच्याकडे लोकांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील आहेत. तसं करू नका. स्कॅनरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा, लॅपटॉपवर पासवर्ड असलेलं वेगळं लोकल खातं फक्त स्कॅनसाठी बनवा आणि तेच स्कॅनरमध्ये भरा. तरीही जमलं नाही तर एफटीपीचा (फाइल पाठवण्याची दुसरी पद्धत) किंवा सॉफ्टवेअरमधून स्कॅन करण्याचा मार्ग धरा.

जीमेलवरून ईमेल जात नसेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. खात्यात द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड तयार करा आणि तो भरा. सर्व्हरचा पोर्ट ५८७ किंवा ४६५. स्कॅनरची तारीख-वेळ चुकलेली असेल तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते, म्हणून तीही पाहा.

उष्णता आणि फर्मवेअर

बहुतेक डॉक्युमेंट स्कॅनर ५ ते ३५ अंश तापमानात चालवण्यासाठी बनवलेले असतात आणि घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंत. मे महिन्यात बाहेर ४५ असताना पश्चिमेच्या खिडकीजवळच्या किंवा बंद कपाटात कोंबलेल्या राउटरचं काय होतं ते सांगायला नको. फक्त दुपारी दोन ते पाच या वेळातच तक्रार येत असेल तर सेटिंग बदलत बसण्याआधी राउटर कपाटाबाहेर काढा, त्याच्यावर ठेवलेल्या फाइली हटवा आणि दोन दिवस पाहा.

फर्मवेअर अद्ययावत करायचं तर यूएसबी केबल लावून, स्कॅनर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर असताना करा. मध्येच वीज गेली तर स्कॅनर कायमचा मुका होऊ शकतो. ढग दाटून आलेले असताना हे काम काढू नका.

वाय-फायचा भागच बिघडलाय का

एवढं करूनही पहिला दुवा जुळत नसेल तर राउटरला पूर्ण बाजूला काढून पाहा. मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो, आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलमध्ये ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू करावं लागतं. नाव आणि पासवर्ड साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे. स्कॅनर आणि एक लॅपटॉप दोन्ही त्यालाच जोडा, फोन हातभर अंतरावर ठेवा आणि दहा पानं स्कॅन करा. इथे सुरळीत चाललं तर स्कॅनर निर्दोष आहे, दोष राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा जागेत आहे. इथेही जोडला गेला नाही, तर स्कॅनरच्या मागे किंवा बाजूला वाय-फायचा छोटा सरकता स्विच आहे का आणि तो चालूवर आहे का पाहा. साफसफाई करताना तो हमखास सरकतो. तेही ठीक असेल तर मग फॅक्टरी रीसेट एकदा करा, आधी सगळ्या सेटिंगचे फोटो काढून. त्यानंतरही हॉटस्पॉटला जोडला गेला नाही तर वाय-फायचं मॉड्यूल गेलंय असं समजायला हरकत नाही.

सर्व्हिस सेंटरला नेताना स्कॅनरबरोबर त्याचा मूळ अडॅप्टर, खरेदीचं बिल, फर्मवेअरची आवृत्ती आणि तिन्ही लॅपटॉपवरच्या पिंगचे निकाल लिहिलेला तो कागद न्या. यूएसबीवर चालतो, हॉटस्पॉटला जोडला जात नाही, एवढी दोन वाक्यं आधी सांगा, म्हणजे तिथे पुन्हा रीसेटपासून सुरुवात होणार नाही. दुरुस्तीचा खर्च परवडणारा नसेल आणि स्कॅनरला लॅनचा पोर्ट असेल तर राउटरपासून केबल ओढा, स्कॅनरच्या मेनूत वायर्ड नेटवर्क निवडा, आणि त्या पोर्टचा मॅक ॲड्रेस वाय-फायच्या ॲड्रेसहून वेगळा असतो म्हणून राउटरमधलं रिझर्वेशन नव्याने भरा.